इतर, असल्यास नमूद करा

यावेळी दूध मोजायचं नाही, कार्यालयानं बजावलं होतं.
दूध आधीच्या तिघांनी मोजलंय.
मी मोजायचं ते त्यांचं मोजणं :
कोण आलं, कुणाला विचारलं, कुणाला गाळलं,
आणि विचारलेलं पुढे गेलं कुठे.

नारीनच्या वर, खडीच्या रस्त्यानं दोन तास.
शाळेमागे दूध थंड करायची टाकी अजून उभी,
देणगीदारांचा निळा कागद अर्धा सोललेला,
आत कुणीतरी गवताच्या पेंढ्या रचल्यात.

यादीत पहिली तुरसुनाय. पाच गाई, एक याक.
‘हितसंबंधी’ हा शब्द वाचून दाखवताना
माझीच जीभ अडखळली.
म्हटलं, म्हणजे ज्यांचं काही पणाला लागलंय ते.
ती म्हणाली, मग गाईला विचार.

एक ते पाच, किती समाधानी?
मी दस्तरखानावर पाच कुरुत मांडले,
वाळल्या दह्याच्या पांढऱ्या, खारट गोळ्या.
तिनं चार पुढे सरकवले.
‘पाच दिले की परत येत नाहीत.
तीन दिले की रागावतात.’
तिघांनाही चारच?
‘दोघांना. तिसऱ्याला थंडी बाधली होती,
त्याला साडेचार.’
पाचवा तिनं माझ्या खिशात घातला. रस्त्याला असू दे.

केरिमबाय यादीत नव्हता.
तिन्ही पथकं त्यानंच वर आणली, त्यानंच खाली सोडली.
टाकी किती दिवस चालली, त्याला तारखेसकट ठाऊक.
‘मी गाडीत होतो,’ म्हणाला, ‘काच वर करून.
विचारायला खाली उतरावं लागतं ना.’

आणि मग ओरमोन आजोबा, जुन्या कोलखोजचे मुकादम.
प्रश्न ऐकलाच नाही त्यांनी, माझे कान बघत बसले.
‘तू जुमादिल हिशेबनिसाची.
तो गाईमागे बारा लिटर लिहायचा.
गाय द्यायची सात.
वरून बारा हवे असायचे, मग बारा.’

घरी आम्हाला एवढंच माहीत :
बाबांचं अक्षर मोत्यासारखं.

‘पण लिहून झालं की वही मिटायचा,
चहात लोणी ढवळायचा,
आणि सगळ्यांसमोर, आवाज न दबवता म्हणायचा,
सात, हं.
आम्ही म्हणायचो, सात.
तुमच्यातलं कुणी वही मिटत नाही.
ती पाटी तुम्ही पालथी घालता,
पण आत तिचं काहीतरी चालूच असतं.’

पाणी कुठं मुरतंय ते शोधायला आले होते.
ते माझ्याच अंगणात.

दूरच्या कुठल्या देशात म्हणे
हंस दूध वेगळं काढतो, पाणी वेगळं.
आमच्या इसिक-कुलवर थंडीत उतरतात हंस.
मी जवळून पाहिलेत.
शेवाळ खातात.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत सगळे रकाने भरले.
पद्धत : समाधानकारक.
सहभाग : समाधानकारक.
वापर : इथे जरा थांबले, मग तेच.
कुरुत गालात धरला होता, विरघळता विरघळेना.
शेवटचा रकाना, इतर असल्यास नमूद करा,
एकशे वीस अक्षरांपर्यंत.
लिहिलं : सात
खाली उमटलं, एकशे सतरा शिल्लक.
त्यांचं काय करावं ते सुचेना.
पाठवून दिलं.

सकाळी उतारावर केरिमबायनं गाडी दुसऱ्यात टाकली.
सात, हं, मी म्हणाले, काचेकडे बघत.
‘सात काय?’
पाटी पिशवीत होती, पिशवी मागच्या सीटवर.
गाडी बाजूला घे, म्हटलं,
सांगते.
आणि तुझंही राहिलंय.